टपाखालची छत्री

गाडीतून उतरले की ते आधी तिच्या कपाळाला हात लावायचे. कपाळ म्हणजे गाडीचं बॉनेट. आई पोराचा ताप बघते तशी हाताची उलटी बाजू क्षणभर ठेवायची आणि म्हणायचं, "बरी आहे." मग घरात जायचं. दारातून त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, विचारायच्या, "आणि मी?"

"तू काय, बारमाही गरम," ते म्हणायचे.

सगळी गल्ली त्यांना गाडीअण्णा म्हणायची. मीही तेच लिहिते. आपल्या गल्लीतलं एक माणूस एका वस्तूच्या नावानेच ओळखलं जातं, असं तुम्हीही पाहिलं असेल. आमच्या म्हैसूरच्या नजरबाद भागात असा एक घड्याळमामा होता, एक बासरीतात्या होता, आणि हे गाडीअण्णा.

गाडी दोन माणसांची. मागे सीट नाही, वर पत्रा नाही. पत्र्याच्या जागी कापडाचा टप, टांग्याला असतो तसा, हवा तेव्हा मागे दुमडायचा. पुढे पितळी अक्षरांत तिचं इंग्रजी नाव होतं. मी चौथीपर्यंत शिकलेली, तीही कन्नड शाळेत. मराठी अक्षरं वडिलांनी भजनाच्या वहीवरून शिकवली. इंग्रजी कुठून येणार? त्यामुळे तिचं नाव मला शेवटपर्यंत कळलं नाही. रंग विचाराल तर लोक हिरवा म्हणत. अण्णा रंगाऱ्यांच्या घरातले. ते म्हणायचे, "हिरवा नाही. कैरीच्या सालीचा. तोही सावलीतल्या कैरीचा."

ती त्यांनी विकत घेतलेली नव्हती. अण्णा कूर्गमधल्या एका कॉफीमळ्याच्या गोऱ्या साहेबाकडे चौदा वर्षं ड्रायव्हर होते, दुरुस्तीही तेच करायचे. देश स्वतंत्र झाल्यावर काही वर्षांनी साहेबाने मळा विकला, बायकोसह जहाजात बसला आणि जाताना गाडीची किल्ली अण्णांच्या हातात ठेवून गेला. मग अण्णा म्हैसूरला परत आले, घराशेजारी पत्र्याची शेड घातली आणि लोकांच्या मोटारी दुरुस्त करू लागले. लोकांच्या मोटारींना ते "हे वाहन" म्हणत. स्वतःचीला "ती".

माझा त्यांचा संबंध टपामुळे आला.

माझे यजमान गेले तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. घरात शिलाईचं मशीन होतं आणि हातात ब्लाउज शिवण्याची कला, एवढंच. मी कुणाशी बोलत नसे. गिऱ्हाईक आलं की दार अर्धं उघडायचं, माप घ्यायचं, दार लावायचं. पुरुषाचं काम मी घेतच नसे. अशात एके सकाळी अण्णा खांद्यावर कॅनव्हासची जाड गुंडाळी घेऊन दारात उभे राहिले. मागे वहिनी.

"अक्का, गाडीचा टप फाटलाय. जुना नमुन्याला देतो. तसाच शिवायचा," ते म्हणाले. वयाने ते माझ्याहून वीस वर्षांनी मोठे, तरी मला अक्का म्हणायचे.

मी दाराआडून म्हणाले, "मला ब्लाउजच येतात."

"ब्लाउज येतो त्याला टप येतो," वहिनी म्हणाल्या. "ब्लाउज जास्त कठीण. टपाला बाह्या नसतात."

मी हसले. किती महिन्यांनी हसले, ते आता आठवत नाही.

अण्णा जाताना म्हणाले, "साहेबाने विलायतेहून मागवलेलं कापड आहे. एवढंच आहे. परत मिळायचं नाही."

त्या वाक्याने माझी झोप उडाली. कापड चिकट होतं, जड होतं, त्याला उग्र वास होता. इतकी वर्षं गुंडाळून पडलं म्हणून मळलं असणार, असं मला वाटलं. आम्हा शिंप्यांच्या घरात नियम आहे: पाणी पाजल्याशिवाय कापडाला कात्री लावायची नाही. कोरं शिवलं तर पहिल्याच धुण्यात आटतं आणि शिंप्याचं नाव जातं. हे तर परत न मिळणारं कापड. मी नेहमीपेक्षा जास्त काळजी घेतली. अंघोळीचा हंडा चुलीवर चढवला, रिठे आणि धुण्याचा सोडा घालून कापड उकळलं. पाण्यावर पिवळट तवंग आला. केवढा मळ निघाला म्हणून मला समाधान वाटलं. ते पाणी मी नारळाच्या आळ्यात ओतलं. तीन वेळा उकळलं. वाळल्यावर कापड इतकं मऊ झालं की माझ्या साध्या मशीनची सुई त्यातून सरसर जाऊ लागली.

सहा दिवसांनी मी टप नेऊन दिला. इस्त्री करून, नीट घडी घालून.

अण्णांनी घडी उलगडली आणि कापड नाकाजवळ नेलं.

"वास पार गेला अण्णा," मी म्हणाले.

"गेला," ते म्हणाले. त्यांनी शिवणीवरून बोट फिरवलं. "शिवण फार सुंदर आहे." मग त्यांनी वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं आणि मला आत नेऊन कॉफी दिली.

त्या वर्षीपासून आमच्या गल्लीला एक नवा तमाशा मिळाला. पाऊस आला की गाडीअण्णा टप लावून गाडी चालवायचे, आणि टपाच्या आत, शेजारच्या सीटवर, वहिनी छत्री उघडून बसलेल्या असायच्या. उघडी म्हणजे अर्धी, टपाला टेकेल इतकी. अर्धी छत्री आपल्या डोक्यावर, अर्धी नवऱ्याच्या. लोक ओट्यावर उभे राहून हसायचे. "घरात रेनकोट घालतात काय?" कुणी ओरडायचं. मीही खिडकीतून हसायचे. एकदा धीर करून मी विचारलं, "वहिनी, टप असताना छत्री कशाला?"

"सवय गं," त्या म्हणाल्या. "छत्री उघडली नाही तर मला पावसात निघाल्यासारखं वाटत नाही."

अण्णा म्हणाले, "बाईमाणसाची हौस. सुम्ने. उगीच."

मी म्हणायची, "टप एकदा बघून देते, ताण सैल झाला असेल." तर ते दोन्ही हात पुढे करायचे. "बेडा, बेडा! नको. नीट बसलाय तो. त्याला हात लावू नका."

आणि जो भेटेल त्याला सांगायचे, "टप आमच्या अक्कांनी शिवलाय. थेंब येत नाही आत." त्यांच्या शेडमध्ये आलेला माणूस माझ्याकडे पाठवला जाई. टांगेवाले आले, मग स्कूटरच्या सीट आल्या, मग रिक्षांचे टप. माझं दार अर्ध्याचं पूर्ण उघडू लागलं. एकदा एका मळेवाल्याने जीपचं कापड आणून टाकलं. तसंच चिकट, तसंच वासाचं. मी हंडा चढवणार एवढ्यात अण्णा आले. त्यांनी सहज बोलावं तसं म्हटलं, "अक्का, ह्या मळेवाल्याला वासच आवडतो. धुऊ नका हां. असंच शिवा." मी तसंच शिवलं. दोन सुया मोडल्या. श्रीमंतांच्या आवडी, म्हणून सोडून दिलं. पुढे असं कापड आलं की मी धुणं सोडूनच दिलं, पण का, ते कधी विचारलं नाही.

आयुधपूजेला, म्हणजे खंडेनवमीला, म्हैसुरात सगळे गाड्या धुतात, झेंडूचे हार घालतात, चाकांखाली लिंबं ठेवून ती चिरडतात. अण्णा बाजारातून पाच लिंबं आणायचे. चार चाकांना चार. पाचवं माझ्या मशीनसाठी. "हेही आयुध," म्हणायचे. मी ते मशीनच्या पायाशी ठेवायची.

गाडीविषयी ते कुणाशीही बोलत, पण माझ्याकडे जास्त, कारण मी मध्ये बोलत नसे. मी शिवत बसायची, ते पायरीवर. पहिल्या वर्षांत म्हणायचे, "अक्का, ह्या गाडीत बसायचं नसतं, आडवं व्हायचं असतं. पाय लांब, आणि रस्ता ढुंगणाला लागतो. दगड गेला तरी कोणता दगड ते कळतं. तीसने गेलं तरी साठने गेल्यासारखं वाटतं." गियर बदलताना क्लच दोनदा दाबावा लागे. "दमदाटी चालत नाही तिच्यावर. एकदा दाबून सांगायचं, मग थांबायचं, मग दुसऱ्यांदा सांगायचं. मग ऐकते." इंजिनाला हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या दोन कार्बोरेटर होत्या. रबराच्या नळीचं एक टोक कानात घालून ते एकीचा श्वास ऐकत, मग दुसरीचा, आणि स्क्रू केसभर फिरवत. दोघी सारख्या ओढायला हव्यात म्हणे. वहिनी म्हणायच्या, "आम्हा दोघांचं एवढं जमवलं असतं तर!"

दर सोमवारी दोघं नंजनगूडला देवाला जात. चामुंडी बेट्टाच्या, म्हणजे डोंगराच्या, पायथ्याने तो रस्ता जातो. दहा वर्षांनी अण्णा म्हणत, "आता खड्डे मला ठाऊक आहेत आणि तिलाही. स्टिअरिंग मी फिरवतो की ती फिरवते ते कळत नाही." डावं दार तोवर लागेनासं झालं होतं. वहिनी ते आतून सुतळीने बांधायच्या. पावसात ब्रेक भिजत, मग अण्णा दोन झाडं आधीपासूनच ब्रेकवर पाय दाबायला लागत. कधी बेट्टावर देवीला गेले तर चढावर इंजिनाचं पाणी उकळे. अर्ध्या वाटेवर थांबून दोघं चुरमुरे खात बसत. "गाडी थांबवते म्हणून तर बसतो," वहिनी मला म्हणाल्या. "नाहीतर ह्यांनी मला कधी कुठे बसवलं असतं?"

त्यांना मूल नव्हतं. कुणी त्यावर बोललं की अण्णा म्हणायचे, "दोनच सीट आहेत. पुरल्या आम्हाला."

मी त्या गाडीत कधी बसले नाही. ते खूपदा म्हणत, "या, एक फेरी." पण कुणाच्या सीटवर बसणार? दोन्ही सीटना माणसं होती.

वीसेक वर्षं गेली. वहिनींचा उजवा खांदा दुखू लागला. हात वर जाईना, वेणी घालता येईना. मी दुपारी जाऊन निलगिरीचं तेल चोळायची, वेणी घालायची. "कशाने झालं हो वहिनी?" मी विचारायची. "वय," त्या म्हणायच्या. "आणि ह्या माणसाचा संसार उचलला ना एवढी वर्षं." बाजूला बसलेले अण्णा उठून शेडमध्ये जायचे. मला वाटायचं, त्यांना बायकोचं दुखणं बघवत नाही.

खांद्याचं निमित्त नव्हे, पण दोन वर्षांनी वहिनी गेल्या. ताप आला, छातीत उतरला, आठ दिवसांत संपलं. आठव्या दिवशी अण्णांनी त्यांच्या कपाळाला हाताची उलटी बाजू लावली आणि बराच वेळ तशीच ठेवली.

त्या वर्षी आयुधपूजेच्या सकाळी भुरभुर पाऊस होता. माझ्या दारात गाडी थांबली. मी बाहेर गेले. टप लावलेला होता.

"लिंबू," अण्णा आतून म्हणाले. "यंदा हिला पूजा नाही. पण मशीनला काय सुतक?"

त्यांचा गुडघा दुखायचा, ते उतरले नाहीत, म्हणून मी माझ्या दाराकडच्या डाव्या बाजूने वाकून हात आत घातला. आणि मला दिसलं. डाव्या सीटवर वहिनींची छत्री होती. उघडून ठेवलेली. दांडा सुतळीने दाराला बांधलेला. वरच्या टपातून, माझ्या शिवणीच्या रेघेवरून, पाणी एकेक थेंब छत्रीवर पडत होतं. अण्णांचा उजवा खांदा कोरडा होता, डावा भिजलेला होता.

मी लिंबू घेतलं आणि घरात आले. मशीनसमोर बसले. तेव्हा मला तो हंडा आठवला. पाण्यावरचा पिवळट तवंग आठवला. तो मळ नव्हता. ते मेण होतं. पाऊस अडवायला कापडाला लावलेलं मेण मी तीन वेळा उकळून, उपसून, नारळाच्या आळ्यात ओतलं होतं.

दुपारी मी शेडमध्ये गेले. आयुष्यात पहिल्यांदा, न बोलावता.

"अण्णा, टप गळतो."

"स्वल्प. थोडा. जुना झाला आता."

"मी कापड धुतलं होतं."

ते पान्ह्याला फडकं लावत होते. लावतच राहिले. "ठाऊक आहे. मेणाचा वास गेला होता. चौदा वर्षं साहेबाकडे काढली, मला तो वास कळणार नाही?"

"मग तेव्हाच बोलला का नाहीत? बावीस वर्षं! वहिनींचा खांदा..."

"मी बोलणारच होतो. तुम्ही इस्त्री करून आणला होता हो टप. टपाला कुणी इस्त्री करतं?" ते थोडे हसले. "तुम्ही कॉफी पिऊन गेल्यावर ती म्हणाली, खबरदार एक शब्द बोललात तर. ती पोरगी आज पहिल्यांदा मान वर करून चालत आली. आपण भिजलो तर वाळू. मग काय, तिने छत्री काढली." जरा वेळाने म्हणाले, "पहिल्या पावसाळ्यात मला राग आला होता. खोटं कशाला सांगू? मग सवय झाली. छत्री एक असली की माणसं जवळ बसतात, अक्का."

मी म्हणाले, "मी नवा शिवते."

"आता कशाला?"

"मला शिवायचा आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आयतु," म्हणाले. "ठीक. शिवा."

तसं कापड म्हैसुरात मिळेना. कुणी रेक्झिन दाखवी, कुणी प्लास्टिक. मग कुणीतरी सांगितलं की बैलकुप्पे गावात तिबेटी लोक तंबू शिवतात. मी नंजनगूडपलीकडे एकटी कधी गेले नव्हते. बसमध्ये खिडकीशी पिशवी घट्ट धरून बसले. तिथे एक म्हातारी तिबेटी बाई तंबूवर बसून टाके घालत होती. तिला माझी भाषा येईना, मला तिची. मी कापड नाकाजवळ नेलं. वास होता. मी मान हलवली. तिनेही हलवली. तिने मेणाचा एक गोळाही दिला आणि दोरा त्यातून ओढून दाखवला.

तोवर अण्णांच्या छातीने दगा दिला होता. डॉक्टरांनी गाडी चालवायची नाही म्हणून सांगितलं. मी मापं घ्यायला शेडमध्ये जाई, ते चालकाच्या सीटवर बसून राहत, दोन्ही हात स्टिअरिंगवर, गाडी बंद. "पहिल्या वर्षी तीसने गेलं की साठने गेल्यासारखं वाटायचं," एकदा म्हणाले. "शेवटी शेवटी उलटं झालं. साठने जायची आणि वाटायचं, आपण उभेच आहोत, नंजनगूडच आपल्याकडे येतंय." दुसऱ्या दिवशी म्हणाले, "गाडी चालवताना माणूस पुढे बघतो ना? मी इतकी वर्षं चालवली, मला रस्ता कमी आठवतो. डावीकडून येणारा तिचा आवाजच आठवतो. डावीकडे वळा. गाय आहे. किती घाई."

कापड चामड्यासारखं ताठ. मशीन घेईना. मी हाताने शिवायला घेतलं, दोरा मेणातून ओढत, एकेक टाका. मला घाई करायला हवी होती आणि घाई करता येत नव्हती. एक टाका सैल राहिला तर पुन्हा तेच. अण्णांना दवाखान्यात नेलं तेव्हा मागच्या खिडकीची शिवण राहिली होती. मी भेटायला गेले. ते म्हणाले, "झाला?"

"एक शिवण राहिली."

"सावकाश," ते म्हणाले. "पाऊस कुठे पळतो?"

मी त्यांच्या कपाळाला हात लावला नाही. लावावासा वाटला होता. वॉर्डात लोक होते, मी लाजले. तिसऱ्या दिवशी सकाळी ते गेले.

दहा-बारा दिवसांनी बेंगळूरहून त्यांचा पुतण्या आणि त्याची बायको घर आवरायला आले. गाडी तो घेऊन जाणार होता. राहिलेली शिवण घालून मी टप नेला आणि स्वतः बसवला. सगळी बटणं लागली. मग त्या सूनबाईला म्हणाले, "एक काम करशील? विहिरीवरून घागर आण आणि वरून ओत."

"वरून? गाडीवर?"

"टपावर. हळू नको. भरपूर."

मी डावं दार उघडलं, आत बसले आणि सुतळी बांधली. आडवं झाल्यासारखंच वाटलं. अण्णा खरं सांगत होते. बाहेर पाणी पडलं, टपावरून घसरत कडेने जमिनीवर गेलं. मी वर बघत होते. शिवणीवर, काठावर, खिडकीपाशी. एक थेंब आला नाही.

"अम्मा, बस का?" तिने बाहेरून विचारलं.

"अजून एक," मी म्हणाले.

तिने चार घागरी ओतल्या, बिचारीने, काही न विचारता. मी कोरडी बसले होते. शेजारची सीट कोरडी होती.

दुसऱ्या दिवशी पुतण्याने गाडी सुरू केली आणि सामान आणायला आत गेला. इंजिन चालू होतं. गल्लीत कुणी नव्हतं. मी पुढे होऊन बॉनेटला हाताची उलटी बाजू लावली. कोमट होतं. "बरी आहे," मी म्हणाले.

तो बाहेर आला. स्वच्छ ऊन पडलं होतं. त्याने बटणं सोडली, टप मागे दुमडला आणि वरून पट्टा बांधला. मग सीटमागून छत्री काढून मला दाखवली. "ही फाटलीय. टाकू का?"

मी हात पुढे केला.

ती मशीनशेजारी खिळ्याला आहे. पावसात मी दुसरी नेते.